जंबुद्वीपातील अनाम झुडूप
(पवनी, जि. भंडारा येथे झालेल्या भाषणाचा शब्दांकित मजकूर)



कोणत्याही मंगल कार्याच्या आरंभी यजमान हातावर पाणी घेऊन संकल्प सोडतो. त्या संकल्पात देश, काल आणि कर्ता या तिन्हींचा उच्चार होतो. हे कार्य कोठे होत आहे, केव्हा होत आहे आणि कोण करीत आहे, हे आधी स्पष्ट झाल्याशिवाय कार्याला आरंभ होत नाही. यातील देश सांगताना जंबुद्वीपाचे नाव येते. जंबू म्हणजे जांभूळ. पूर्वजांना ज्या विशाल भूभागाची ओळख सांगायची होती, त्याचे नाव त्यांनी एका झाडावरून घेतले. आज याच जांभळाच्या कुलाचा विचार करावयाचा आहे. या कुलातील एखादे झुडूप विज्ञानाला ‘नवे’ म्हणून सापडते, तेव्हा नेमके काय घडते? ते नवे आहे हे ठरवते कोण, आणि कशाच्या आधारावर?

प्रथम ‘नवे’ या शब्दाचा उलगडा केला पाहिजे. वर्तमानपत्रात बातमी येते की अमुक जंगलात वनस्पतीची नवी प्रजाती सापडली. वाचणाऱ्याला वाटते, हे झाड कालपर्यंत नव्हते आणि आज उगवले. तसे काही नसते. ते झुडूप लाखो वर्षे तेथेच असते. गुराखी त्याच्या सावलीला बसलेले असतात, पाखरांनी त्याची फळे खाल्लेली असतात, एखाद्या वैदूने त्याची साल उगाळलेली असते. नवी असते ती नोंद. जगातील कोणत्याही अभ्यासकाला पडताळून पाहता येईल अशा रीतीने त्या झुडपाचे वर्णन प्रथमच झालेले असते.

जांभळाच्या कुलाला मराठी वनस्पतिशास्त्रात जंबुल कुल म्हणतात. त्याचे शास्त्रीय नाव मिर्टेसी. या एका कुलात साडेपाच हजारांहून अधिक प्रजाती आहेत आणि त्यांतील बहुतेक उष्ण प्रदेशातील आहेत. आपल्या घरचा पेरू याच कुलातला, मसाल्याच्या डब्यातील लवंग याच कुलातली आणि सरकारी पडीक जमिनीवर लावलेली निलगिरीही याच कुलातली. या कुलाची खूण शाळकरी मुलालाही तपासता येते. जांभळाचे किंवा पेरूचे पान उजेडासमोर धरले, तर त्यात सुईने टोचल्यासारखे बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तैलग्रंथी होत. पान चुरगळल्यावर येणारा वास त्यांचाच असतो. पाने समोरासमोर जोडीने येतात आणि जांभळाच्या पानात कडेला समांतर जाणारी एक बारीक शीर असते. फुलात पाकळ्यांपेक्षा केसरांचा झुबकाच डोळ्यांत भरतो. फळाच्या टोकाशी पुष्पकोशाचे अवशेष टोपीसारखे राहतात. पेरूच्या बुडाशी ते सर्वांनीच पाहिले आहेत.

या कुलातील सिझिजियम हा वंश, म्हणजे जांभळाचा वंश, सुमारे १२०० प्रजातींचा आहे आणि वृक्षांच्या वंशांमध्ये तो जगातील सर्वांत मोठा मानला जातो. त्याचा भाऊबंद असलेल्या युजेनिया वंशातही हजाराहून अधिक प्रजाती आहेत. एवढ्या मोठ्या गोतावळ्यात दोन भावंडांमधील फरक ओळखणे सोपे नसते. म्हणूनच या कुलात आजही नव्या नोंदी होत आहेत. २०२२ साली केरळमधील जवाहरलाल नेहरू उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी कोळिक्कोड जिल्ह्यातील मलबार वन्यजीव अभयारण्याच्या कक्कयम परिसरातून युजेनिया स्फेरोकार्पा या प्रजातीची नोंद केली. स्फेरोकार्पा म्हणजे गोल फळाची. जेथे तीनशे वर्षांहून अधिक काळ वनस्पतींचा अभ्यास होत आला आहे, त्या केरळातही एकविसाव्या शतकात गोल फळाचे एक झाड बिननावाचे राहिलेले होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आता कल्पना करू की आपल्या पवनीची एक विद्यार्थिनी उन्हाळ्याच्या अखेरीस वैनगंगेला मिळणाऱ्या एखाद्या नाल्याच्या काठाने चालली आहे. खडकांच्या फटीत पुरुषभर उंचीचे एक झुडूप तिला दिसते. पान चुरगळले तर वास जांभळाचा, फळ जांभळासारखेच पण लहान, आणि पाने मात्र अरुंद, लांबट, भाल्याच्या पात्यासारखी. गावातील जांभळाची पाने अशी नसतात. तिच्या मनात येते, ही नवी प्रजाती तर नाही?

येथून पुढे जे करावे लागते, ते धीराचे काम आहे. फुलांची आणि फळांची फांदी मिळवावी लागते. नुसत्या पानांवरून निर्णय देता येत नाही. फूल उन्हाळ्यात आणि फळ पावसाच्या तोंडाशी, म्हणून त्याच झुडपाकडे पुन्हा जावे लागते. फांदी जुन्या वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून ठेवायची, ओल टिपली जावी म्हणून कागद रोज बदलायचे आणि पूर्ण वाळल्यावर ती जाड कागदावर टाचायची. वाळल्यावर फुलाचा रंग जातो, वास जातो, खोडाची साल कशी होती तेही समजत नाही. म्हणून या गोष्टी जागेवरच वहीत उतरवाव्या लागतात. शेवटी कागदाच्या उजव्या कोपऱ्यात एक चिठ्ठी चिकटवली जाते. त्या चिठ्ठीवर काय असते? झुडूप कोठे मिळाले, कोणत्या दिवशी मिळाले आणि कोणी गोळा केले. देश, काल आणि कर्ता. संकल्पातील तिन्ही गोष्टी येथे पुन्हा भेटतात. ही चिठ्ठी नसेल तर उत्तमोत्तम वाळवलेली फांदीही शास्त्राच्या दृष्टीने पाचोळाच.

ही गोष्ट पवनीकरांना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथील जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केले आणि प्राचीन स्तूप उजेडात आला. येथील एका शिल्पात रिकाम्या आसनावर फणा धरलेला नाग आहे. तो कोणता नाग, यावर पंडितांनी वर्षानुवर्षे वाद घातला असता. परंतु दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने शेजारी ब्राह्मी अक्षरांत त्याचे नाव कोरून ठेवले आहे. तो मुचलिंद नाग आहे. वस्तू आणि तिची चिठ्ठी एकत्र राहिली, म्हणून वादाला जागा उरली नाही.

यात आणखी एक गंमत आहे. मुचलिंद हे नागाचे तसेच वृक्षाचेही नाव आहे आणि पाली कोशकारांनी तो वृक्ष म्हणजे संस्कृतातील निचुल, आपले समुद्रफळ, असे म्हटले आहे. नदीकाठी वाढणारे हे समुद्रफळ आणि आपल्या जंगलातील कुंभी या दोन्ही झाडांना एकोणिसाव्या शतकातील वनस्पतितज्ज्ञ जांभळाच्याच कुलात धरीत. हूकर यांच्या ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथात जंबुल कुलाचा भाग जे. एफ. डथी यांनी लिहिला, त्यात ही झाडे आढळतात. पुढे अभ्यास वाढला आणि त्यांचे कुल वेगळे काढण्यात आले. शास्त्र आपली चूक मान्य करते आणि नोंद दुरुस्त करते. जुनी नोंद व्यवस्थित असल्याशिवाय तिची दुरुस्तीही होत नाही.

विद्यार्थिनीची फांदी वाळली, चिठ्ठी लागली. आता तुलना. त्यासाठी वनस्पतिसंग्रहालये असतात. हावडा येथील केंद्रीय राष्ट्रीय वनस्पतिसंग्रहालयात सुमारे २० लाख नमुने जपून ठेवलेले आहेत. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम केंद्र १९५५ पासून काम करीत आहे. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर संग्रहालय आहे, पुण्यात आघारकर संशोधन संस्थेचा आणि कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा संग्रह आहे. विदर्भापुरते बोलायचे तर न. रा. उगेमुगे यांचा नागपूर जिल्ह्याच्या वनस्पतींवरील १९८६ सालचा ग्रंथ आहे. पवनीजवळचा उमरेड तालुका त्याच जिल्ह्यात येतो. हे सारे चाळावे लागते. पानाची लांबी-रुंदी, देठाची लांबी, फुलांचा गुच्छ पानाच्या बगलेत येतो की फांदीच्या जुन्या भागावर, पाकळ्या सुट्या गळतात की टोपीसारख्या एकत्र गळून पडतात, बीजदले जुळलेली की सुटी, अशा वीस-पंचवीस गोष्टी भिंगाखाली मोजून लिहाव्या लागतात. एका झुडपावरून निष्कर्ष काढून चालत नाही. पाण्याकाठचे पान आणि माळावरचे पान एकाच झाडाच्या वंशजांत वेगळे असू शकते.

तुलनेअंती झुडूप खरोखरच वेगळे ठरले, तर नावाचा प्रश्न येतो. नाव देण्याचे आंतरराष्ट्रीय नियम कठोर आहेत. वनस्पतींच्या नावांची गणना १ मे १७५३ पासून, म्हणजे लिनियस यांच्या ग्रंथापासून होते आणि नियमानुसार प्रथम दिलेले नाव ज्येष्ठ मानले जाते. १९३५ पासून २०११ अखेरपर्यंत नव्या वनस्पतीचे वर्णन लॅटिन भाषेतच करावे लागे. २०१२ पासून लॅटिन किंवा इंग्रजी यांपैकी कोणतीही एक भाषा चालते. १९५८ पासून एक नमुना ‘प्रारूप’ म्हणून निश्चित करणे बंधनकारक आहे आणि १९९० पासून तो कोणत्या संग्रहालयात ठेवला आहे, हेही सांगावे लागते. नाव त्या एका वाळलेल्या फांदीला कायमचे बांधलेले असते. शंभर वर्षांनी कोणाला शंका आली, तर त्याने ती फांदी काढून पाहावी. अधिकारी पुरुषाचा शब्द येथे अंतिम नसतो. अंतिम असतो तो पुरावा.

स्वतः जांभळाचेच उदाहरण घ्या. १७५३ मध्ये लिनियस यांनी त्याला मिर्टस वंशात घातले. १७८९ मध्ये लामार्क यांनी युजेनिया जांबोलाना म्हटले. आयुर्वेदाच्या अनेक पुस्तकांत हेच नाव अजून दिसते. १९१२ मध्ये स्कील्स यांनी त्याला सिझिजियम क्युमिनी म्हटले आणि तेच आज मान्य आहे. जांबोलाना या शब्दात आपले जांभूळ लपलेले आहे आणि जामच्या शास्त्रीय नावातील जांबोस या शब्दात संस्कृत जंबू. लॅटिनच्या वेषात आपले शब्द जगभर फिरत आहेत.

हे शब्द तेथवर पोहोचवले कोणी? १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ निघाला. मलबारातील ७४२ वनस्पतींचे वर्णन असलेला हा ग्रंथ डच अधिकारी व्हान ऱ्हेडे यांच्या नावावर आहे. परंतु त्याला माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मलबारी वैद्य होते आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्यही होते. या तिघांनी १६७५ मध्ये कोंकणी भाषेत आणि नागरी लिपीत दिलेले प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. आपल्या माणसांना वनस्पतींचे ज्ञान होते याचा हा निर्विवाद पुरावा होय, कारण तो त्यांच्या सहीनिशी आणि तारखेनिशी उरला आहे. ज्यांनी आपले ज्ञान लिहून ठेवले नाही, अशा किती वैद्यांचे ज्ञान त्यांच्याबरोबरच चितेवर गेले असेल! पूर्वजांचा अभिमान सर्वांनाच असतो. त्या अभिमानाला जगासमोर उभे राहायचे असेल, तर त्याच्या हातात असा कागद असावा लागतो.

आता आपल्या विद्यार्थिनीकडे वळू. तिच्या झुडपाचे काय झाले? बहुधा तिला सांगण्यात येईल की हे नवे नाही. हे पाणजांभूळ आहे. ओढ्या-नद्यांच्या काठी खडकांत वाढणारे, अरुंद पानांचे हे झुडूप अभ्यासकांना पूर्वीपासून ठाऊक आहे. अनेक पुस्तकांत ते सिझिजियम हेनिएनम या नावाने येते. त्याचे जुने नाव सिझिजियम सॅलिसिफोलियम, म्हणजे वाळुंजासारख्या पानांचे. हे नाव १८३९ च्या ज्या सूचीत आले, ती मुंबई परिसरातील वनस्पतींची सूची जॉन ग्रॅहम यांनी केलेली होती. हे ग्रॅहम कोणी प्राध्यापक नव्हते; ते मुंबईच्या टपाल खात्यातील अधिकारी होते. सूची छापून पूर्ण होण्याआधीच, त्याच वर्षी खंडाळ्यास त्यांचा मृत्यू झाला आणि त्यांचे स्नेही निम्मो यांनी ती पुरी केली. टपालाचे काम सांभाळून एका माणसाने केलेली नोंद पावणेदोनशे वर्षांनंतरही उपयोगी पडते.

मग विद्यार्थिनीचे श्रम वाया गेले का? तसे मुळीच नाही. पाणजांभूळ अमुक नाल्याच्या अमुक खडकावर, अमुक दिवशी फळावर होते, ही नोंद तिच्यामुळे झाली. उद्या तो नाला आटला किंवा काठ खणला गेला, तर तेथे काय होते हे सांगणारा कागद उरेल. नव्या प्रजातीची बातमी होते; अशा साध्या नोंदीची होत नाही. परंतु नवी प्रजाती ओळखणाऱ्याला या हजारो साध्या नोंदींचाच आधार असतो. जुने काय आहे हे नीट माहीत असल्याशिवाय नवे ओळखताच येत नाही.

या प्रश्नाची निकड पवनी तालुक्याला अधिक आहे. गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी १९८८ साली याच तालुक्यात वैनगंगेवर झाली. धरणाने शेतीला पाणी द्यावे, ही सर्वांचीच इच्छा आहे. गावे उठली, त्यांचे दुःखही सर्वांनी पाहिले आहे. गावांची, घरांची, शेतांची मोजणी झाली, कारण त्यांना मालक होते. नदीकाठच्या झुडपांना मालक नसतो. काठ एकदा पाण्याखाली गेला, की तेथील वनस्पतींची यादी पुन्हा करता येत नाही. दुसरीकडे २०१२ साली नागपूर आणि भंडारा या दोन जिल्ह्यांत मिळून उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य घोषित झाले. पर्यटक तेथे वाघासाठी येतात. वाघाच्या पाऊलखुणा मोजल्या जातात, ते योग्यच आहे. पण ज्या नाल्यावर वाघ पाणी पितो, त्या नाल्याचा काठ कोणत्या झुडपांनी धरून ठेवला आहे, हेही कोणी तरी मोजले पाहिजे.

त्यासाठी कायद्याची चौकट आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगर परिषदेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे काम आहे. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. ही नोंदवही बाहेरच्या कंत्राटदाराकडून भरून घेतली, तर शेजारच्या तालुक्याची यादी आपल्या वहीत उतरण्याचा धोका असतो. गावातील शिक्षक, गुराखी, ढिवर बांधव, औषधी जाणणाऱ्या वृद्ध स्त्रिया आणि महाविद्यालयातील मुले एकत्र बसली, तर ती वही खरी होईल. नदीकाठचे झाड ढिवराला जेवढे माहीत असते, तेवढे प्राध्यापकाला नसते. आणि ते ज्ञान पडताळून कसे मांडायचे, हे प्राध्यापकाला माहीत असते. दोघांनाही एकमेकांची गरज आहे.

दोन पथ्ये मात्र पाळावी लागतील. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय पानही तोडू नये. नियम आपल्यासाठीही आहेत. आणि घाईने दावा करू नये. ‘आमच्या गावात जगात कोठे नाही असे झाड आहे’ असे म्हणणे सोपे आहे. ते तपासात टिकले नाही, तर पुढच्या वेळी खरे सांगूनही कोणी ऐकत नाही. गावाच्या प्रतिष्ठेसाठी खोट्या शोधापेक्षा खरी नोंद अधिक मोलाची असते.

या उन्हाळ्यात प्रत्येक कुटुंबाने एवढेच करावे. मुलांना घेऊन जवळच्या नाल्यावर जावे. जांभळाचे पान उजेडासमोर धरून त्यातील ठिपके मुलांना दाखवावेत. एका झुडपाचे घरातील आजी-आजोबा सांगतील ते नाव, जागा, तारीख आणि सांगणाऱ्याचे नाव वहीत लिहावे. वहीचे ते पान कदाचित कोणत्याही शोधनिबंधात जाणार नाही. कदाचित पन्नास वर्षांनी एखादा अभ्यासक तेच पान शोधत पवनीला येईल.

संकल्पात आपण जंबुद्वीपाचे नाव पिढ्यान्‌पिढ्या घेत आलो आहोत. ज्या झाडाच्या नावाने आपण आपला देश सांगतो, त्याचे एखादे भावंड आपल्याच नदीकाठी अनाम राहू नये आणि अनाम असतानाच नाहीसे होऊ नये. देश, काल आणि कर्ता यांचा उच्चार करून आपण कार्याला आरंभ करतो. हे कार्यही तसेच आहे. देश आपल्यासमोर आहे, काल हाच आहे. चिठ्ठीवरील कर्त्याची जागा तेवढी रिकामी आहे.